दिनूअण्णांचा सव्वीस वर्षांचा पास

आमच्या पेठेत फुटबॉल खेळणाऱ्याचं वय वाढलं की त्याचा लांब पास उशिरा खाली येतो. बाहेरगावी म्हणे वय झालेल्या खेळाडूचा पास आखूड पडायला लागतो. साठ यार्डांचा चाळीसवर येतो, मग तीसवर, आणि एक दिवस त्याला बाकावर बसवतात. ऐकून वाईट वाटतं. आमच्याकडे अंतर कमी होत नाही, फक्त वेळ लागतो.

फुटबॉल संघटनेच्या कचेरीत याचा तक्ता लावलेला आहे. विशीतला पास तीन सेकंदांत पोचतो. तेहतिसाव्या वर्षी मारलेला मध्यंतरानंतर येतो, छत्तिसाव्या वर्षी मारलेला पुढच्या रविवारी. चाळिशीनंतर तक्ता एकदम चढतो. चेंडू हवेत असेपर्यंत सामना तहकूब धरतात आणि तो यायच्या दिवशी पुन्हा उभा करतात. लोक तिकिटं जपून ठेवतात. पास घेणाऱ्याला त्याच्या तालमीनं, म्हणजे संघानं, लेखी कळवायचं, असा नियम आहे.

ते कळवायचं काम माझं. मी दगडी चौक तालीम मंडळाचा सेक्रेटरी आहे आणि बावीस वर्षं पासांचं रजिस्टर माझ्या हातात आहे. अक्षर चांगलं म्हणून मला सेक्रेटरी केलं. खेळ मला कधीच आला नाही, पण पाहिला मात्र पोटभर.

त्यातला सगळ्यात चांगला खेळ दिनकर साळोखे आणि रफिक शिकलगार या जोडीचा. दिनूअण्णा मधल्या फळीत, रफिकभाई उजव्या विंगेला. दिनूअण्णा मान वर न करता पास मारायचे आणि मग "गेला रं" म्हणायचे. ते म्हणायच्या आधीच रफिकभाई पळत सुटलेले असायचे. चेंडू त्यांच्या बुटावर असा उतरायचा की घरी आल्यासारखा. सामना संपला की दोघं एकाच सायकलवरून जायचे, दिनूअण्णा पुढं दांडीवर, कारण त्यांचे पाय दुखायचे. 

दिनूअण्णा एक्केचाळीस वर्षांचे असताना अंतिम सामन्यात एक-एक अशी बरोबरी होती. शेवटच्या मिनिटाला त्यांनी पास मारला. तक्त्याप्रमाणे तो दोन वर्षांनी यायचा होता. दोन वर्षांनी, संघटनेनं जाहीर केलेल्या तारखेला, सगळे जमले. समोरच्या गोलकीपरला तोवर चष्मा लागला होता. चेंडू ठरल्या जागी, उजव्या कोपऱ्यात उतरला, दोन टप्पे खाल्ले आणि रेषेबाहेर गेला. तिथं रफिकभाई नव्हते. नाणेफेक झाली, कप दुसऱ्या पेठेत गेला.

त्या दिवसापासून दिनूअण्णा रफिकभाईंशी बोलले नाहीत. चौकात समोरासमोर आले तर दिनूअण्णा दुकानाच्या पाट्या वाचायचे. याला सोळा वर्षं झाली.

गेल्या महिन्यात दिनूअण्णा माझ्यापुढं येऊन बसले. एसटीच्या वर्कशॉपमधून ते निवृत्त झाले होते. येत्या सोमवारी त्यांना साठ वर्षं पूर्ण होणार होती, आणि साठ झाली की पास मारता येत नाही; घ्यायला मात्र वयाची अट नाही.

"रविवारी एक सामना लाव," ते म्हणाले. "शेवटचा पास मारायचा हाय."

मी तक्ता पाहिला. "अण्णा, हा सव्वीस वर्षांनी येणार."

"येऊ दे की. कुणाला घाई हाय?"

सामन्याची अडचण नव्हती. शेजारच्या तालमीनं सव्वीस वर्षं तहकुबीला लेखी संमती दिली. अडचण पास घेणाऱ्याच्या सहीची होती. आत्ताच्या संघातले दोन्ही विंगर नम्रपणे नाही म्हणाले. एकाची बदली होणार होती, दुसऱ्याला पुढच्या वर्षी आपण कुठं असू तेच माहीत नव्हतं. घेणाऱ्याची सही नसेल तर नियमाप्रमाणे तो पास होत नाही. रजिस्टरात 'चेंडू भिरकावून दिला' असा शेरा मारावा लागतो.

दिनूअण्णा शनिवारी पुन्हा आले.

"सेक्रेटरी, चाळीस वर्षं खेळलोय. शेवटी भिरकावला म्हणून लिहू नगंस."

"मग सही आणा, अण्णा."

"कुणाची आणू?"

हे त्यांनी इतकं हळू विचारलं की मला त्यांच्याकडे बघवेना. बघायला नको म्हणून मी अर्ज भरायला घेतला. त्यात 'मागील पास' असा रकाना असतो. तो भरायला मी जुनी फाइल काढली आणि रफिकभाईंना पाठवलेल्या पत्राची प्रत हाती आली. रफिकभाई तेव्हा मिरजेला कामाला होते. मी त्यांना कळवलं होतं, 'आपला पास पौष वद्य द्वितीयेस सकाळी येत आहे, तरी हजर राहावे.'

आमच्या तालमीत सगळं तिथीनं चालतं. वर्धापनदिन तिथीनं, पूजा तिथीनं. ज्या तिथीला पास मारला, तीच तिथी मी दोन वर्षांनंतरची म्हणून लिहिली होती. मधे अधिक श्रावण येऊन गेला होता. तिथी आठ दिवस पुढं सरकली होती. चेंडू मात्र इंग्रजी तारखेनं आला.

मी ती प्रत दिनूअण्णांपुढं ठेवली. त्यांनी ती दोनदा वाचली आणि चपला घातल्या. मी अर्ज घेऊन त्यांच्या मागं गेलो.

रफिकभाईंचं कात्र्या-सुऱ्यांना धार लावायचं दुकान आहे. ते एका शिंप्याची कात्री धरून बसले होते. दिनूअण्णांना पाहून त्यांनी चाक थांबवलं. मी चूक सांगितली, माफी मागितली. 

"व्हय," रफिकभाई म्हणाले. "मी पत्रातल्या दिवशी आलो की. किट घालून कोपऱ्यात हुबा हुतो. तीन दिवस हुबा हुतो. चौथ्या दिवशी मैदानावरला माळी म्हणाला, बॉल आठ दिस आधीच येऊन गेला."

"मला का सांगितलं न्हाईस?" दिनूअण्णांनी विचारलं.

"तू पाट्या वाचत हुतास."

दिनूअण्णा दुकानाच्या पायरीवर बसले.

"मला वाटलं, तुझा पास आठ दिवस लवकर आला," रफिकभाई म्हणाले. "म्हणलं, तक्त्यापरास गडी अजून तरणा हाय. वाईट वाटलं, पण बरं बी वाटलं बघ."

 मग दिनूअण्णांनी डोळे पुसले, उघडपणे, बाहीनं. रफिकभाईंनी कात्री बाजूला ठेवून माझ्यापुढं हात केला. मी अर्ज दिला. त्यांनी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला.

"सव्वीस वर्षं. माझं वय काय असंल तवा?"

"त्र्याऐंशी," मी म्हणालो.

"वेळ?"

"सकाळी नऊ वाजून दहा मिनिटं."

"जागा?"

"उजवा कोपरा. तुमची नेहमीची."

"म्हंजे ऊन डोळ्यांवर येणार न्हाई," ते म्हणाले आणि सही केली. अर्ज परत देताना त्यांनी माझं मनगट धरलं. "सेक्रेटरी, तारीख इंग्रजी घाल."

रविवारी मैदानावर सत्तर-ऐंशी माणसं होती. दिनूअण्णांची जुनी जर्सी पोटावर ताणली होती. रफिकभाईंनी डाव्या गुडघ्याला पट्टा बांधला होता. ते मधल्या रेषेवर, उजव्या बाजूला जाऊन उभे राहिले. नऊ वाजून दहा मिनिटांनी दिनूअण्णांनी चेंडू दोन पावलं पुढं ढकलला आणि मान वर न करता मारला. आवाज अगदी पूर्वीसारखा झाला. चेंडू वर गेला, लहान होत गेला, मग दिसेनासा झाला.

"गेला रं," दिनूअण्णा म्हणाले.

रेफ्रींनी सामना तहकूब केल्याची शिट्टी वाजवली. समोरचा संघ हस्तांदोलन करून निघाला. लोक तिकिटं नीट घडी करून खिशात ठेवत होते. तेवढ्यात माझं लक्ष उजव्या विंगेकडे गेलं. रफिकभाई कोपऱ्याच्या दिशेनं निघाले होते. एक पाऊल टाकायचे, गुडघ्यावर हात ठेवायचे, थांबायचे, मग दुसरं पाऊल.

मी रेषेच्या कडेनं त्यांच्याजवळ गेलो. "रफिकभाई, सव्वीस वर्षं आहेत अजून. घरी चला."

"ह्यो गुडघा बघितलास न्हवं?" ते न थांबता म्हणाले. "आत्ता निघालो तर पोचंन."

दिनूअण्णा मधल्या रेषेवरून त्यांच्याकडे बघत होते. सोळा वर्षांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.

मी रजिस्टर उघडलं. 'चेंडू हवेत, घेणारा वाटेत' असं लिहिलं आणि पुढं इंग्रजी तारीख घातली.