वामनभाऊच्या समुद्राचा आकडा

आमच्या शेजारचा वामनभाऊ घरी आलेल्या माणसाला पाणी विचारत नाही. आधी विचारतो, "किती वेळ बसणार?"

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी दारातूनच परत फिरले होते. पुढे कळलं, त्याला माणसाचं बसणं खुपत नाही. श्वास खुपतो.

घुग्घुसात कोळसा आहे, सिमेंट आहे, ट्रक आहेत. समुद्र आहे म्हटलं तर लोक हसतील. पण वामनभाऊच्या बैठकीत भिंतीला लागून चार फुटी काचेची पेटी आहे आणि तिला टाकी म्हटलेलं त्याला चालत नाही. "समुद्र म्हणा, बाई." त्यात पाकिटातलं मीठ कालवलेलं पाणी, पांढऱ्या पट्ट्यांचे दोन नारिंगी मासे आणि पोवळी. पोवळं मी अंगठीतलंच पाहिलं होतं. हे दगडासारखं दिसतं, फुलासारखं उघडतं, आणि वामनभाऊ सांगतो की ते जनावर आहे. मासे खायचे नाहीत, पोवळी घालायची नाहीत. मग ठेवायची कशाला, असं मी विचारलं.

"तुम्ही दारात तुळस ठेवता, ते काय खायसाठी?"

खोकला झाला की मी तुळस खाते. तसं मी त्याला सांगितलं.

वामनभाऊ सिमेंट कारखान्याच्या प्रयोगशाळेत होता. जन्मभर चुनखडी तपासली. निवृत्त झाल्यावर लोक शेत घेतात, याने समुद्र घेतला. खरा समुद्र त्याने एकदाच पाहिला आहे, तोही बसच्या खिडकीतून.

पेटीच्या वर एक तांबडा आकडा सारखा पेटलेला असतो. त्याला पीएच म्हणतात. मला समजलं तसं सांगते. हा आकडा आठ पॉइंट तीसच्या आसपास राहिला की पोवळ्यांची हाडं भरतात. खाली गेला की ती झुरतात. बंद खोलीत माणसं श्वास सोडतात, त्यातला वायू पाण्यात उतरतो आणि आकडा पडतो. खिडकी उघडली की चढतो. पण आमच्या गावात खिडकी उघडली की तासाभरात ताटावर काळी भुकटी बसते. त्यामुळे वामनभाऊ खिडकी उघडायचा आणि त्याची बायको शोभा लावायची. दिवसातून दहा वेळा. इतक्या वर्षांच्या संसारात दुसरं भांडण उरलंच नव्हतं.

आकडा चढावा म्हणून त्याने काय काय केलं! पाण्यात चुना कालवून वरची निवळी सलाइनच्या बाटलीत भरली आणि बाटली खिळ्याला टांगून थेंब थेंब समुद्रात सोडली. नवीन आलेलं माणूस दबक्या आवाजात विचारायचं, घरात कोण आजारी आहे? खायचा सोडा शोभाच्या तव्यावर भाजला. भाजला की त्याचा जोर वाढतो म्हणे. शोभा तवा मागायला गेली तर म्हणाला, "थांब वं, सोडा भाजून राह्यलो." त्या दिवशी त्यांच्याकडे पोळ्या माझ्या घरून गेल्या.

मग आली नळी. पेटीत फेस काढायचं एक यंत्र आहे, ते हवा ओढतं. घरातली हवा दिली तर श्वास येतो, रस्त्याकडची दिली तर ट्रकचा धूर येतो. म्हणून त्याने नळी भिंतीवरून माझ्या अंगणात सोडली, कडुनिंबाखाली. तिच्या तोंडाला शोभाच्या जुन्या लुगड्याचा दुहेरी तुकडा बांधला. मला विचारलं नाही. सकाळी मी पाणी तापवायला बसले तर भिंतीवरून डोकं वर आलं.

"बाई, चूल काऊन पेटवली?"

"आंघोळीले. तुले काय करायचं आहे?"

"धूर नळीत चालला ना! आकडा पाहा येऊन, आकडा!"

"तुह्या आकड्यासाठी मी पारोशी राहू का?"

पुढे मी चूल दुसऱ्या कोपऱ्यात नेली. त्याच्यासाठी नाही. तिकडे सावली असते.

मागच्या थंडीत त्यांच्या मंजूचं नवव्या महिन्यातलं डोहाळजेवण झालं. मंजू त्यांची एकुलती एक, चिमूरला दिलेली. जेवण झालं की तिने माहेरीच राहायचं आणि बाळंतपणही इथेच, असं ठरलेलं. शोभाने डिंक, खारीक भरून ठेवली होती. बैठकीत पंचवीस-तीस बाया, खिडक्या गच्च लावलेल्या. मंजूची सासू मानाने मधोमध बसली होती. ओटी भरणं चालू होतं आणि वामनभाऊ दारात उभा होता. नजर लेकीकडे नव्हती, पेटीकडे होती. आकडा आठच्या खाली आला. पोवळी मिटायला लागली. तो हात जोडून आत आला.

"अर्ध्या बाया बाहेर जाऊन श्वास घ्या. दहा मिनिटांनी पाळी बदला."

एकदोघी हसल्या. सासू हसली नाही.

"आमचा श्वास जड होऊन राह्यला का तुमाले?"

वामनभाऊला प्रयोगशाळेत खरं तेच सांगायची सवय. म्हणाला, "एकट्या तुमचा नाई. सगळ्यांचाच."

सासू उठली ती पुन्हा बसली नाही. बाळंतपण आम्ही आमच्या घरी करू, म्हणाली. मंजू रडली. शोभा रडली नाही. तिने डिंकाचा डबा उचलला, खारकेचा उचलला, लेकीच्या शेजारी गाडीत जाऊन बसली आणि खिडकीची काच खाली करून म्हणाली, "मंजूचे बाबा, आता एकटेच श्वास घ्या."

आठ दिवसांत आकडा आठ पॉइंट तीसवर गेला. चुन्याने झालं नव्हतं, सोड्याने झालं नव्हतं, माझ्या कडुनिंबानेही झालं नव्हतं. महिनाभर तो जागचा हलला नाही.

मग शोभाचा मला फोन आला. मंजूला मुलगी झाली. सगळं सांगून झाल्यावर म्हणाली, "त्याइच्या टाकीचं मले काही सांगू नका, बाई." आणि फोन ठेवता ठेवता म्हणाली, "आकडा किती आहे?"

दुपारी मी त्याच्याकडे गेले. किती वेळ बसणार, असं त्याने विचारलं नाही. खुर्ची पुसून दिली. म्हणाला, "घाई नाई ना?"

पोवळी टम्म फुलली होती. खिडकी बंद होती.

"मुलगी झाली," मी म्हटलं.

"हो. मंजूनं फोनवर रडणं ऐकवलं. आवाज खणखणीत आहे."

"मंग गेला काऊन नाई पाहायले?"

"बोलावलं नाई कोणी."

त्याने चहा केला. चहा बरा करतो. आम्ही दोघं पेटीसमोर बसलो. चहा संपेपर्यंत आकडा आठ पॉइंट एकोणतीस झाला, मग अठ्ठावीस. मी म्हटलं, "अरे, पडला. उघडू का खिडकी?"

"राहू द्या, बाई." तो आकड्याकडेच पाहत होता. "महिन्याभरानं हलला."

बंद खोलीत मला दम लागतो. तरी मी अजून एक कप चहा मागितला आणि जरा मोठे मोठे श्वास सोडले. निघाले तेव्हा सव्वीस होता.

घरी येऊन शोभाला फोन लावला. "सव्वीस आहे," म्हटलं.

"पडला? काऊन?"

"मी बसली होती."

"खिडकी नाई उघडली त्याइनं?"

"नाई. उघडूही नाई दिली."

 तिकडे पोर रडत होतं, आवाज खरंच खणखणीत होता. मग शोभा म्हणाली, "सव्वा महिना झाला की आणतो लेकीले अन् नातीले. सासूले मी समजावतो. त्याइले सांगू नका."

मी सांगितलेलं नाही. रोज दुपारी जाऊन तासभर बसते मात्र. पोर आल्यावर आकडा एकदम पडण्यापेक्षा त्या समुद्राला आधीपासून सवय झालेली बरी.