मिशीसकट विसावा

या, असे जवळ सरका. पंखा माझ्याकडे तोंड करून आहे, थोडा वारा तुम्हालाही लागेल. कीर्तनाचा पूर्वरंग मला फार प्रिय, पण या उकाड्यात तुम्हाला ताटकळत ठेवत नाही. थेट आख्यानालाच हात घालतो. आख्यान आहे फुलचूरच्या हेमेंद्र पटलेचं. त्याने एका रविवारी कुणाशी एक शब्द न बोलता सगळी वस्ती स्वतःच्या अंगणात जमवली.

आता हेमेंद्र म्हणजे कसा? गोंदियाच्या एका कचेरीत कारकून. आठवडाभर खिडकीत बसून लोकांशी बोलायचा आणि घरी आला की गोगलगायीसारखा आत ओढला जायचा. पाहुणा आला की पाणी देऊन मागच्या दाराने झाडांना पाणी घालायला जायचा, मग बाहेर पाऊस का असेना. देवाची करणी अशी, की याचे वडील नंदलालबाबूजी म्हणजे अखंड चालणारा लाउडस्पीकर. बोलण्यात कंडक्टरला गुंतवून अख्खी बस थांबवून ठेवणारा माणूस.

एप्रिल महिना होता. बाबूजी आणि सूनबाई योगेश्वरी लग्नाला चिचगडला गेले. घर रिकामं झालं, आणि हेमेंद्रला वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत एक लेख दिसला: ‘एक दिवस फक्त स्वतःसाठी’. लिहिणाऱ्या बाई कुठल्यातरी मोठ्या शहरातल्या असाव्यात. ऋतूशी मैत्री करा, म्हणत होत्या. उन्हाळ्यात केसांचा भार उतरवा. पांढरे सुती कपडे घाला. जमिनीवर बसा. साधं अळणी अन्न खा. एक मंद ज्योत लावून तिच्याकडे बघत राहा. फोन बंद ठेवा, आणि मुख्य म्हणजे मौन पाळा.

‘हे माझ्यासाठीच लिहिलं आहे,’ हेमेंद्र म्हणाला. अर्थात मनात.

पहिलं काम म्हणून तो सेवकरामच्या दुकानात गेला आणि डोक्यावरून सपाट हात फिरवून दाखवला.

“पुरं?” सेवकरामने विचारलं.

हेमेंद्रने मान हलवली.

“मिशी बी?”

हेमेंद्रने विचार केला, भार तो भारच. पुन्हा मान हलवली.

एरवी सेवकरामचा वस्तरा कमी आणि जीभ जास्त चाले. त्या दिवशी त्याने ब्र काढला नाही. काम झाल्यावर हात जोडले आणि दारापर्यंत सोडायला आला. हेमेंद्रला वाटलं, माणूस सुधारला.

घरी येऊन त्याने पांढरं धोतर नेसलं, ओसरीवर चटई टाकली. मेणबत्ती सापडली नाही म्हणून देवघरातली पणती आणून समोर लावली. मोगऱ्याच्या कुंडीवर पाणी शिंपडलं. ओल्या मातीचा वास, डोक्यावर गार वारा, शेजारी माठ. आहाहा. वैकुंठ याहून वेगळं काय असणार?

इतक्यात शेजारच्या प्रेमिलाबाई डोक्यावर पदर घेऊन आल्या. वरण-भाताचा डबा ठेवला, डोळे पुसले आणि गेल्या. पाठोपाठ बाबूजींचे भजनी मंडळातले सोबती शालीकराम आले. हेमेंद्रच्या पाठीवर हात ठेवून चटईच्या कडेला बसले. काही बोलले नाहीत. मग ईश्वरदास आले, तेही तसेच बसले. मग बायका. हळूहळू अंगण भरलं. कुणी नोकरीचं विचारेना, कुणी पगाराचं विचारेना. सगळे पणतीकडे बघत गप्प.

हेमेंद्रचा ऊर भरून आला. सगळ्या फुलचूरने पुरवणी वाचली तर. जन्मभर त्याला अशाच पाहुण्यांची ओढ होती.

तेवढ्यात शालीकरामांनी नाक शिंकरलं. “नंदलाल मोठा बोलका मानूस होता, जी.”

“होता?” हेमेंद्रच्या तोंडून निघालं. दिवसभरातला पहिला शब्द.

“लग्नाले म्हनून गेला आन् चिचगडलेच आटोपला,” ईश्वरदास हळूच म्हणाले. “पोरगा माती देऊन परत बी आला. कोनाले सांगलं बी नाही बिचाऱ्यानं.”

हेमेंद्रचा हात टाळूवर गेला, तिथून मिशीच्या रिकाम्या जागेवर आला. डोकं-मिशी उतरवलेला मुलगा, पांढरं धोतर, जमिनीवरची पणती, शेजाऱ्यांनी आणलेला डबा. लोक त्याच्याकडे बसायला आले होते! बाप गेलेल्या घरी बसतात तसे.

आता उपाय सोपा होता. उभं राहायचं आणि सांगायचं. पण भरल्या अंगणासमोर? हेमेंद्रने मनात तागडी धरली. एका पारड्यात बाप, दुसऱ्यात भाषण. सांगायला लाज वाटते, काटा बराच वेळ मधेच राहिला.

शेवटी धीर करून तो उठला. “बाबूजी...” घसा सकाळपासून बंद होता, आवाज चिरकला. त्यासरशी बायकांनी हंबरडा फोडला.

“रड बाप्पा, रड,” शालीकरामांनी त्याला खांदा दाबून खाली बसवलं. “मोकळा होय.”

“तसं नाही काका, बाबूजी जित्ते आहेत.”

“हायेतच ना. आपल्या साऱ्यायच्या मनात हायेत.”

आणि त्यांनी टाळ हाती घेतले. भजन रंगात आलं असताना फाटक वाजलं. काखेत छत्री, हातात बुंदीच्या लाडवांची पिशवी, मागे योगेश्वरी: साक्षात नंदलालबाबूजी.

भजन मधल्या ओळीवर थांबलं. बाबूजींनी गर्दी पाहिली. पणती पाहिली. मुलाच्या तुळतुळीत डोक्यावर नजर खिळली.

“तुही माय त कवाचीच गेली,” ते हिशेब करत म्हणाले. “मंग हे डोकं कोनासाठी? म्हंजे मीच गेलो का?”

सगळ्यांच्या नजरा शालीकरामांकडे वळल्या.

“कवा गेलो, शालीक?”

“सकाळी सेवकरामच्या दुकानात आयकलं, जी.”

“आन् काय बोलून राहिला होता माह्याबद्दल?”

“हेच, का तुह्यासारखा टाळ कोनी वाजवत नाही.”

“मंग मांगच्या एकादशीले माह्या हातचा टाळ काऊन हिसकला?”

शालीकरामांनी हातातले टाळ मुकाट्याने पुढे केले. बाबूजी मुलाकडे वळले.

“गर्मी होऊन राहिली होती, बाबूजी,” हेमेंद्र पुटपुटला.

“गर्मी होऊन राहिली होती त कूलरमंदी पानी टाकाचं. बापाले कायले जाळलं?”

योगेश्वरीने तोंडाला पदर लावला. रडायला की हसायला, कळलं नाही. बाबूजींनी पुन्हा एकदा भरलेलं अंगण न्याहाळलं. त्यांचेही डोळे ओले झाले होते.

“मेल्यावर एवढे येता, त जित्तेपनी कायले येत नाही? आतापासून रोज संध्याकाळी भजन इथंच. याची मिशी येतपर्यंत. आन् येनाऱ्या हरेकाले फाटकात उभा राहून हाच सांगन, का बाप जित्ता हाये आन् डोकं काऊन बोडकलं.”

सगळ्यांनी जयजयकार केला आणि लाडू वाटले गेले.

मीही रोज जात होतो. भजन फार गोड व्हायचं. फाटकात हेमेंद्र उभा असायचा, हात जोडून, पाठ केलेलं सांगत. मिशी मात्र त्या उन्हाळ्यात रुसल्यासारखी वाढेचना.

तर मंडळी, एवढं ऐकलंत, आता एक मागणं. उन्हाळ्यात पंख्याखाली निवांत बसलात, मोगऱ्याचा वास आला, की त्या हेमेंद्रची आठवण काढा. आठवणच काढा हो. भेटायला जाऊ नका.