पेडलावरचा पाय

बाबल मेस्त्री गाडी आधी हुंगतात, बॉनेट नंतर उघडतात. चपला बाहेर काढून, देवळात शिरावं तसे गाडीत शिरतात, वाकून पेडलांना नाक लावतात आणि डोळे मिटून विचारतात, "पाय कोणाचो?" कसालला हायवेलगत त्यांचं गॅरेज आहे. तिथे येणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न ऐकावा लागतो. उत्तर काहीही द्या, मेस्त्री मान हलवून म्हणतात, "तुमचो न्हय."

मी नववीला विज्ञान शिकवतो. असल्या माणसाच्या दारात मी उभा राहिलो नसतो. पण त्या पौषात माझ्या जिवावरच बेतलं.

आमच्या वाडीतून शाळेकडे निघालं की मैलभरावर चढणीचं वळण लागतं. एका बाजूला दरड, दुसऱ्या बाजूला ओढ्याचा खोल व्हाळ. कडेला देवचाराचा, म्हणजे वाटेवरच्या राखणदार भुताचा, दगड आणि त्यावर लोकांनी ठेवलेल्या विड्या. आठ वर्षांपूर्वी अशाच थंडीत मेस्त्रींचा एकुलता एक मुलगा सुधा भल्या पहाटे स्टेशनवरची माणसं आणायला जीप घेऊन निघाला, तो इथूनच खाली गेला. गाव म्हणतं, देवचारानं नेला. मी वर्गात ठणकावून सांगायचो, देवचार वगैरे काही नसतं, बेफाम वेग असतो.

त्या आठवड्यात दोनदा, सकाळी साडेसहाला, ऐन वळणावर मी पाय उचलला तरी गाडी सुटली ती सुटलीच. इंजिन किंचाळतंय, माझा पाय हवेत, आणि अ‍ॅक्सिलरेटरचं पेडल खालीच. दोन्ही वेळा किल्ली फिरवून इंजिन बंद केलं म्हणून वाचलो. दुसऱ्यांदा थांबलो तेव्हा खिडकीतून हात काढला तर दगडाला लागेल इतका जवळ होतो. सगळीकडे धुकं, चिटपाखरू नाही. आणि ते पेडल सावकाश, आपणहून वर आलं. कोणीतरी आपला पाय काढून घ्यावा तसं. खोटं कशाला सांगू, माझी पाचावर धारण बसली.

दोन गॅरेजांत दाखवलं. दुपारच्या उन्हात पेडल एकदम गुणी. काही बिघाड नाही म्हणाले. शेवटी बायकोनं शपथ घातली, की मेस्त्रींकडे नाही नेलीत तर पुन्हा त्या गाडीत बसायचं नाही. गेलो.

मेस्त्रींनी हुंगलं, विचारलं, मान हलवली. नारळ आणि विड्यांचं बंडल मागवलं. मग गाडीसमोर उभं राहून गाऱ्हाणं घातलं, "बा देवचारा म्हाराजा, मास्तरांच्या गाडयेवयलो पाय काढ, म्हाराजा." शेजारच्या चहावाल्यासकट सगळे "व्हय म्हाराजा" म्हणाले. मी ओठ घट्ट मिटून उभा. मागे घराच्या दारात मेस्त्रींची बायको, आम्हा सगळ्यांची काकी, हात जोडून उभी होती. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं. मेस्त्री म्हणाले, गाडी रातभर इथेच ऱ्हवांदे, उघड्यावर.

पहाटे कुडकुडत गेलो, जाब विचारायच्या तयारीनं. मेस्त्री ड्रायव्हरच्या सीटवर मांडी घालून बसले होते. इंजिन बंद. दोन्ही पाय वर. आणि पेडल तळाला टेकलेलं.

मी बघत राहिलो, ते काही वर येईना. मग मेस्त्री उतरले, बॉनेट उघडलं, पेडलाची केबल दोन्ही मुठींत धरली आणि तिच्यावर तोंडाची वाफ सोडत राहिले. आत पेडल कणाकणानं वर सरकलं.

त्यांनी केबल सोडवून माझ्या नाकाशी धरली. खोबरेल! पावसानंतर पेडल जड लागत होतं म्हणून दिवाळीत मीच ओतलं होतं. घरच्या नारळांचं, घाण्यावरचं, एकदम शुद्ध. थंडीत गोठायचं, दाबलेलं पेडल तिथेच अडकायचं, इंजिन तापलं की वितळायचं. आणि घरून निघाल्यावर पेडल तळापर्यंत दाबावं लागतं अशी पहिली चढण ती वळणाचीच. पदार्थाच्या अवस्था मी दरवर्षी शिकवतो, बरं का!

मी भडकलो. हे तुम्हाला काल हुंगल्यावरच कळलं होतं, मग नारळाचं सोंग कशाला? आज शाळेत सांगतो, गावभर सांगतो, देवचार म्हणजे गोठलेलं तेल.

मेस्त्री केबल रॉकेलनं धूत होते. वर न बघता हळू म्हणाले, "सुधाच्या जीपीक ह्याच त्याल मी घातलंय, मास्तर. बाटली तिणा दिल्यान."

आतून काकीच्या चहाच्या भांड्यांचा आवाज आला.

"देवचारान नेल्यान म्हणता," ते घराकडे बघत म्हणाले, "म्हणान दोन घास जेवता तरी. तसाच ऱ्हवांदे."

आठ वर्षं हा माणूस येईल ती गाडी हुंगत होता आणि मी त्याला शाळेच्या स्टाफरूममध्ये वेडा ठरवून हसत होतो. लाज वाटली मला, फार लाज वाटली.

केबल बसली. पेडल हलकं झालं. काकी चहा घेऊन आली आणि कप हातात देताना थांबली.

"देवचारच होतो मां, मास्तर?"

बॉनेटवरचा मेस्त्रींचा हात थांबला.

"तोच होता, काकी," मी म्हटलं.

तिनं पदराआडून नारळ काढला आणि वळणावर ठेवायला माझ्या हातात दिला. मेस्त्री गाऱ्हाणं घालायला उभे राहिले. "बा देवचारा म्हाराजा..." एवढं म्हणाले आणि पुढे आवाजच फुटेना. काकी वाट बघत होती. त्या पहाटे तिथे आम्ही तिघंच होतो.

"व्हय म्हाराजा," मी म्हणालो.