भिंत उगवली

स्वयंपाकघराच्या भिंतीवरची ओली पोती काढली आणि मास्तर किंचाळले. भिंतीला केस आले होते.

चष्मा लावून पाहिलं, तर केस फिकट हिरवे होते. जमिनीपासून छातीपर्यंत बोट-बोटभर गवत आणि मधूनमधून गव्हाचे कोंब! मास्तर मटकन खाली बसले. आज अकराच्या बसने त्यांची पत्नी हे नवं मातीचं घर बघायला येणार होती. "पटलं तर राहीन, नाहीतर मी आपली लेकीकडे बरी," असं तिने स्वच्छ बजावलं होतं. तिचा राग तसा जुनाच. नकाशा काढताना तिने याच भिंतीवर बोट ठेवून खिडकी मागितली होती आणि "मातीच्या भिंतीला भोकं पाडायची नसतात," असा निकाल मास्तरांनी दिला होता. पण चार महिने एकट्याने काढल्यावर आता त्यांची पार हवा गेली होती. तिच्याशी वाद घातल्याशिवाय त्यांना जेवण पचत नसे.

निरोप मिळताच गवंडी आला. भिंत बघून त्याने कपाळाला हात लावला.

"मास्तर, खणताना वरची हातभर माती बाजूला काढा, खालची घ्या, असं बजावलं होतं ना मी?"

"वरची माती सगळ्यात सकस असते! तीस वर्षं भूगोल शिकवलाय मी!"

"सकस पिकाला लागते हो. भिंतीला मेलेली माती लागते."

"आणि हा गहू कुठून आला?"

"मातीत कालवलेल्या काडात दाणे राहिले असतील. पण सुकत्या भिंतीत ते उगवतील कशाला?" गवंड्याची नजर पोत्यांवर गेली. "पाणी तर नाही ना मारलंत?"

मास्तर छताकडे बघू लागले. सिमेंटच्या भिंतीला पाणी मारतात, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं. मग मातीच्या भिंतीने काय घोडं मारलं होतं? पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ ते झारीने तिला न्हाऊ घालत होते.

"आता वरून लिंपून टाक ना!"

"ओल्यावर लिंपण धरत नाही. कापा हे. उपटू मात्र नका, माती सुटेल. मी विळा घेऊन येतो."

गवंडी दार उघडंच टाकून गेला. मास्तरांनी मिशीची कात्री आणली. अर्ध्या तासात वीतभर भिंत कापून झाली. मागे खुडबुड ऐकू आली म्हणून वळून पाहिलं, तर शेजारणीची शेळी! मास्तरांनी तिला हाकलायला हात उगारला, घड्याळ पाहिलं आणि हात खाली घेतला. शेळीचं काम कात्रीपेक्षा कितीतरी सफाईदार होतं. ते चक्क बाजूला सरकून उभे राहिले.

खालचं संपलं. वरचं खायला शेळीने पुढचे दोन्ही पाय भिंतीवर टेकवले आणि मान लांब केली.

धप्प!

भिंतीचा भलामोठा लगदा बाहेर कोसळला. शेळी मागे उडाली. लख्ख ऊन आत आलं, आणि त्या भगदाडात एक चेहरा दिसला. बाहेर हातात पिशवी घेऊन पत्नी उभी होती.

"अहो, हे काय?"

मास्तरांनी मिशीची कात्री पाठीमागे लपवली. ती आत आली. भगदाडातून बाहेर डोकावली. मास्तरांना वाटलं, गेली ही लेकीकडे, कायमची गेली!

तेवढ्यात विळा घेऊन गवंडी पोचला आणि उंबऱ्यातच थिजला.

"पडेल का हो घर?" तिने त्याला विचारलं.

"नाही वहिनी. छप्पर खांबांवर आहे. कडा सरळ करून इथे चौकटसुद्धा बसेल."

"मग बसवा. ओट्यावर उजेड छान येतोय, रस्ताही दिसतोय." तिने पिशवी खाली ठेवली. "मी राहते."

मास्तरांना रडावं की हसावं कळेना. "अगं, खरंच?"

"खरंच. आणि उद्यापासून झोपायच्या खोलीच्या भिंतीला पाणी मारायला लागा," शेळीच्या पाठीवरून हात फिरवत ती म्हणाली. "तिथेही मला खिडकी हवी होती."