अध्यक्ष शिखरावरून उतरत नाहीत

टेंभुर्णीच्या प्रभातफेरी मंडळात वाद पेटला तो चहाच्या टपरीवर. मंडळाचे अध्यक्ष पुंजाराम नव्या सभासदांना चढावर श्वास कसा घ्यावा हे समजावून सांगत होते. ते ऐकून मच्छिंद्रने कप खाली ठेवला.

"चढ? आपल्या गावात चढ म्हणजे गतिरोधक. तुमी स्वतःच्या गच्चीवर तरी कधी गेल्ते का, अध्यक्ष?"

सगळे हसले. पुंजारामांना उंचीची भीती वाटते आणि घरावरची पाण्याची टाकी त्यांची बायको बेबीनंदा धुते, हे गावाला ठाऊक होतं. मंडळाला ना कार्यालय होतं ना वर्गणी. अध्यक्षाचा मान एवढाच, की फेरीत सगळ्यांच्या पुढं चालायचं. पण त्या एका मानासाठी पुंजाराम रोज गजर व्हायच्या आधी उठत.

"येत्या रविवारी कळसूबाई चढतो," ते बोलून बसले.

"चढले तर चौकात सत्कार. न्हाई चढले तर पुढं मी चालणार. बराबर?"

"बिलकुल बराबर," याकूब टेलर म्हणाला. त्याला दुकान उघडायचं होतं.

सत्काराला पाहुणे हवेत म्हणून माजी सभापती साहेबराव यांना गाठलं. त्यांना रविवारी दुपारीच थोडा वेळ होता. सकाळी जाफराबादला साखरपुडा, नंतर राजूरकडे एक तेरावं, मधे टेंभुर्णी. पुंजाराम तेव्हा शिखरावर असणार. मग सत्कार व्हिडिओ कॉलवर करायचा ठरला. चौकात त्यांचा मोठा फोटो खुर्चीवर ठेवायचा आणि शाल, हार फोटोलाच घालायचा, ही कल्पना याकूबची. ती सगळ्यांना पसंत पडली, हे विशेष.

शनिवारी जीप निघाली तेव्हा बेबीनंदाही भाकरी बांधून आत येऊन बसली.

कळसूबाईच्या लोखंडी शिड्या पुंजाराम डोळे मिटून चढले. मागं माणसांची रांग होती, त्यामुळं परत फिरायची सोयच नव्हती. माथ्यावर आल्यावर त्यांनी डोळे उघडले आणि तिथं चूक झाली. चारही बाजूंनी जमीन खाली निघून गेली होती. ते रांगत देवळापर्यंत गेले आणि भिंतीला पाठ लावून बसले.

"अगं माय! काय दिसून राह्यलं!" बेबीनंदा कड्याच्या टोकावरून ओरडली. "ढग खाली अन् आपण वर! उठा की."

"मी इथंच राहतो."

"किती येळ?"

"कायमचा."

"अन् जेवणार काय?"

"देवीला निवद येतच असंल."

तिनं समजावलं, रागावली, शेवटी एकटीच भाकरी खाऊन घेतली. तेवढ्यात फोन वाजला. पडद्यावर टेंभुर्णीचा चौक, खुर्चीत पुंजारामांचा फोटो, फोटोला टपोरा हार. साहेबराव गाडीतून उतरले. त्यांनी हार पाहिला, चपला काढल्या, हात जोडले आणि मान खाली घातली.

"माणूस मोठा होता," ते माईकवर म्हणाले. "परवाच आमचं बोलणं झाल्तं. डोंगरानं आपला माणूस नेला."

"साहेब," फोन धरलेला याकूब कुजबुजला, "ते जिंदा हैत."

"भावना समजतात, याकूबभाई. ते आपल्यात जिंदाच राहणार. दोन मिनिटं उभं राहू."

पाहुण्यांनीच मान खाली घातली म्हटल्यावर चौकही उभा राहिला. मच्छिंद्रने तोंडाला उपरणं लावलं होतं. त्याचे खांदे हलत होते; लोकांना वाटलं, रडतोय.

"अहो, ओरडा की! तुमाला मारून टाकलं त्यांनी!" बेबीनंदा म्हणाली.

"गप. बोलू दे," पुंजाराम म्हणाले. "आजवर माझ्याबद्दल इतकं चांगलं कुणी बोललंय का?"

साहेबराव बोलत गेले. पुंजारामांचा स्वभाव, जिद्द, शिस्त. त्यांच्या नावानं काहीतरी कायमचं करायचं, असंही त्यांनी जाहीर केलं. पुंजारामांचे डोळे भरून आले. मग साहेबरावांनी घड्याळ पाहिलं.

"पण जागा मोकळी ठेवून चालणार न्हाई. आजपासून मच्छिंद्रराव पुढं चालतील!"

टाळ्या झाल्या.

पुंजाराम उठले. "कोण पुढं चालतो? मी मेलोय का?"

"अहो, हळू! शिडी हाय!"

"असू दे!" ते शिडीला लागले. "सरका! ओ ताई, सरका! पाच वर्षं थंडीत उठलो मी, अन् पुढं हा चालणार?" वर येणारी माणसं कठड्याला चिकटून उभी राहिली. शिड्यांमागून शिड्या संपल्या तरी मच्छिंद्रचा उद्धार संपला नव्हता. खालच्या सपाटीवर श्वास घ्यायला थांबले तेव्हा त्यांनी मागं वळून वर पाहिलं आणि ते तिथंच खाली बसले.

"हे मी उतरलो?"

"न्हाई तर काय, मी खांद्यावर आणलं?" बेबीनंदा फोन पुढं करत म्हणाली. "घ्या. याकूबभाईनं सभापतींना गाडीत गाठलंय."

"हयात आहात?" साहेबरावांच्या आवाजात जराही अडखळ नव्हती. "आनंद वाटला. पण चौकात दिलेला शब्द मागं घेता येत न्हाई. गावातल्या फेरीत मच्छिंद्ररावच पुढं. तुमच्या नावानं मात्र दरसाल कळसूबाईची मोहीम काढू. पाटीवर 'कैलासवासी पुंजाराम स्मृती मोहीम'. तिथं पुढं तुमी चालायचं."

पुंजारामांनी बेबीनंदाकडं पाहिलं. ती आधीच 'हो' म्हणून मान हलवत होती. त्यांनी शिडीकडं पाहिलं. गावात पुढं चालणारा मच्छिंद्र त्यांना आता फार खाली कुठंतरी दिसला.

"चालतो," ते म्हणाले. "पण ते 'कैलासवासी' तेवढं काढा."

पलीकडून साहेबराव म्हणाले,

"काढलं असतं हो, पण पुढं कधीतरी परत घालावंच लागंल. पाटीचा डबल खर्च कशाला?"