सोळा रंगांचा कापूस

कुणावर लिहिण्याइतका मी मोठा नाही, हे आधीच कबूल करतो. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मीच पहिला. आतापर्यंत लिहिलं ते अर्ज आणि परीक्षेचे पेपर. पण मारोतीदादावर दुसरं कुणी लिहील असं वाटत नाही, म्हणून धाडस करतोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

आदिलाबादकडच्या आमच्या बेला गावच्या रस्त्यावर मोटरसायकल मध्येच उभी करून, एक डोळा मिटून, मुठीच्या भोकातून कापसाकडे बघणारा माणूस दिसला तर तो मारोतीदादा. त्याला हाक मारू नये. तो रंग मोजत असतो. "अकरा झाले," म्हणतो, "पाच बाकी."

तो झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांचं दुकान चालवतो, पण ते पोटासाठी. लहानपणी तो आणि धाकटा भाऊ गंगाधर टीव्हीला जोडून एक व्हिडिओ गेम खेळायचे. आता देशोदेशीचे काही चाहते मिळून, निव्वळ हौसेनं, त्याच जुन्या धाटणीचा नवा गेम बनवत होते. त्यात वीर आणि राक्षस समोरासमोर उभे राहून लढतात. त्यांच्या पाठीमागे जो देखावा दिसतो, तो काढायचं काम मारोतीदादाकडे. चौकोनी ठिपका ठिपक्याला लावत. आणि जुन्या यंत्रांना झेपायचे तेवढेच, एका चित्रात फक्त सोळा रंग.

"सोळात काय होते, दादा?" मी एकदा विचारलं.

"सोळात काय होत नाई, ते सांग पह्यले."

 

एकदा पहाणीची, म्हणजे आमच्याकडच्या सातबाऱ्याची, नक्कल काढायला एक म्हातारे काका आले. दादा त्यांच्या फेट्याकडेच बघत बसला. "काका, हलू नका. ढगासाठी असाच गुलाबी पायजे होता."

"अरे बाप्पा, मले पहाणी पायजे!"

"पहाणी कुठं पळून जात नाई, काका. ढग थांबत नाई."

काका पाऊण तास हलले नाहीत. जाताना त्यांनी ढग नीट बघून घेतला.

मग दादानं स्वतःच्या शेतातला फुटलेला कापूस काढला. विहीर, निंबाचं झाड, सगळं. मी शेजारी स्टुलावर बसून बघत होतो. एका सरीला एक अख्खी सकाळ लागली. एक निळा ठिपका त्यानं जरासा सरकवला आणि विहिरीत पाणी आलं. खोटं नाही सांगत, मी वाकून पाहिलं.

गेमवाल्यांचं उत्तर आलं, बर्फ फारच सुंदर झालाय! त्यांनी तिथं बर्फाचे राक्षस सोडले होते आणि वीर पावलागणिक घसरत होता. दादाचं जेवणावरून मन उडालं. "कापसात पाय घसरते काय रे कोणाचा?" शेवटी त्यानं तळहातावर बोंड ठेवून, सरकी दाखवत, फोटो पाठवला. आठ दिवसांनी वीर सरळ चालू लागला. राक्षस मात्र बर्फाचेच राहिले.

"राहू दे," दादा म्हणाला. "आपल्या उन्हात वितळतीन."

त्याच चित्रात मागं, धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, नखाएवढी बैलगाडी होती. एक बैल पांढरा, एक तांबडा. मी शेतकऱ्याचाच पोरगा, मला लगेच खटकलं. दादाच्या घरची ही जोडी मी पाहिलेली. पांढरा डाव्या अंगाचा. त्याला उजवीकडे जुंपलं तर पाऊल उचलायचा नाही. चित्रात तो उजवीकडे होता.

"दादा, पांढरा चुकला."

माउसवरचा हात थांबला. "मालूम आहे."

"मंग काऊन ठेवला?"

त्यानं बैलगाडी स्क्रीनवर मोठी केली. ती जोडी गंगाधरनं वासरं असल्यापासून वाढवलेली. दादानं त्याला न विचारता विकली आणि हा कॉम्प्युटर आणला. गंगाधर हैदराबादला निघून गेला, त्याला दोन वर्षं झाली.

"फोन उचलत नाई," दादा स्क्रीनकडे बघत म्हणाला. "पण हा गेम तो खेळल्याबिगर राहत नाई. आन् बैलाची चूक पाहून गप बसणं त्याले जमत नाई."

गेम आला. रोज सकाळी अर्धं शटर उचलून, वाकून आत शिरून, दादा आधी गेमखालचे अभिप्राय वाचायचा. कुठकुठले लोक त्याच्या कापसाचं कौतुक करत होते. मी हरखून अर्थ सांगायचो. तो म्हणायचा, "हौ, खाली चल." शेवटच्या ओळीपर्यंत जायचा आणि मग उठून शटर पूर्ण उघडायचा. असे चार महिने.

गेल्या आठवड्यात मी परीक्षेसाठी आदिलाबादला होतो. दादाचा फोन आला.  "फोटो पाह्य," एवढंच म्हणून त्यानं ठेवला. पाठोपाठ स्क्रीनचा एक फोटो आला. इंग्रजी कौतुकाच्या खाली एकच मराठी ओळ होती:

"पांढरा डाव्या अंगानं चालते. इतकं बी इसरला काय, दादा?"