आक्काचं माहेरचं नाव

निपाणीत माझी बदली झाली तेव्हाची गोष्ट. टेम्पोतून कपाट उतरत होतं, तेवढ्यात समोरच्या घरातून एक उंच, वाळके म्हातारे गृहस्थ आले आणि माझ्यासमोर उभे राहिले. मला वाटलं, नळाला पाणी कधी येतं ते सांगायला आले असतील.

"तुमी नव्या टीचर न्हवं? तुमच्या आज्जीच्या आईचं नाव काय?"

कपाट माझ्या पायावर पडता पडता राहिलं. मी म्हटलं, "ठाऊक नाही हो."

"आनि पणजोबांचं?"

ते मला येत होतं. सांगितलं.

"बगा," हमालांकडे वळून ते म्हणाले, "बाप्याचं पाठ हाय. बाई हरवली." आणि आले तसे निघून गेले.

हे भूपाल आण्णा. भूमापन खात्यात मोजणीदार होते. उभी हयात दुसऱ्यांच्या शेतांच्या हद्दी मोजण्यात गेली. बायको वारलेली, मुलगा बंगळुरात. घरात एकटेच. जैन असल्यानं दिवस मावळायच्या आत जेवून घ्यायचे आणि मग ओसरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला तोच प्रश्न विचारायचे. गॅसवाला त्यांचं सिलिंडर दारातच टेकवून पळायचा. दूधवाल्याने एकदा वैतागून आपल्या म्हशीच्या आईचं नाव सांगितलं, तर आण्णांनी ते शांतपणे वहीत लिहून घेतलं. "निदान नोंद तरी हाय," म्हणाले.

निवडणुकीत एक उमेदवार हात जोडून गल्लीत आला. मागं पन्नासेक माणसं, हलगी. आण्णांनी प्रश्न विचारला. उमेदवारानं आजोबांनी गावासाठी काय काय केलं ते सांगायला घेतलं. आण्णा म्हणाले, "आजोबांचं न्हाय इचारलं." शेवटी त्या माणसानं दारातूनच आपल्या आईला फोन लावला. हलगी थांबली. आईला आठवेना, तिनं तिच्या बहिणीला विचारून पाच मिनिटांनी परत फोन केला. "रत्नाबाई," उमेदवार म्हणाला, आणि का कोण जाणे, त्याचा आवाज जरा खाली आला. आण्णांनी त्याला मत दिलं. त्याचा पक्ष कोणता, हे त्यांनी शेवटपर्यंत विचारलं नाही.

लग्नपत्रिका आली की आण्णा लाल पेन घेऊन बसत. 'अमक्यांची नात, तमक्यांचे पुत्र' एवढंच छापलेलं असे. आण्णा समासात बायकांची नावं विचारून विचारून लिहीत आणि पत्रिका परत पाठवत. लोक रागावत, तरी पुढच्या लग्नाला बोलावत. कारण भूपाल आण्णा आल्याशिवाय म्हाताऱ्या बायकांच्या पंगतीत रंगत येत नसे.

त्यांच्या सोप्यातल्या भिंतीवर एक वंशावळ होती. घराण्याची मूळ वंशावळ त्यांच्या चुलतभावाकडे, त्यात बारा पिढ्यांचे पुरुष. आण्णांनी स्वतःची नवी काढली होती, फक्त बायकांची. पुरुषांच्या चौकटीत सगळीकडे एकच शब्द: 'नवरा'. चाळीस एकर तंबाखू करणारे, पंचक्रोशीत दरारा असलेले त्यांचे आजोबा त्या भिंतीवर नुसते 'नवरा' होते. चुलतभावानं ते पाहिलं आणि वर्षभर अबोला धरला.

त्या 'नवऱ्या'शेजारची चौकट मात्र रिकामी होती. ती आण्णांच्या आज्जीची.

"आक्का म्हनायचे तिला सगळे," आण्णांनी मला एकदा सांगितलं. "थोरली सून, म्हनून आक्का. रेशनकार्डावर आक्काताई. पन ते काय नाव न्हवं, ती हाक झाली. मी तीन वरसाचा असताना आई गेली. आक्कानं वाढवलं मला. तंबाखूचा खळा, घर, मी, सगळं एकटीनं बघायची. ती गेली तवा चावडीत नोंद करायला मीच गेलतो. तलाठ्यानं इचारलं, 'म्हातारीचं नाव?' मी म्हनलं, आक्का. त्यो म्हनला, 'अरं, खरं नाव सांग.' मला येत न्हवतं, टीचर. कॉलेजात शिकत हुतो मी. बीजगणित येत हुतं."

रिटायर झाल्यापासून आण्णा ते नाव शोधत होते. चिकोडी, बेळगाव, खानापूर, जिथं जिथं जुनी दप्तरं असतील तिथं पिशवी घेऊन जात. पिशवीत एक भिंग, कसर लागू नये म्हणून डांबराच्या गोळ्या आणि शेंगदाण्याचे लाडू. हे लाडू दप्तर काढून देणाऱ्या शिपायासाठी. आण्णा मोडी शिकले होते, कन्नड तर त्यांना घरचंच. सीमेवरून कुणी वाद घालायला लागलं की ते म्हणत, "मराठी दप्तरात ती अमक्याची बायको, कन्नड दप्तरात अमक्याची हेंडती. राज्य बदललं, भाषा बदलली. बाईचं नाव न्हाय ते न्हायच."

आक्काचं माहेर नंदगडच्या बाजूला, एवढं त्यांना माहीत होतं. आणि तिच्या भावाचं नाव तातोबा, दोघंच भावंडं. लहानपणी एकदा हा तातोबा मामा फणस घेऊन आला होता. एवढ्याशा धाग्यावर आण्णा त्या भागातल्या प्रत्येक शाळेत जाऊन आपला फोननंबर ठेवून आले होते.

गेल्या मार्गशीर्षात एका शाळेतून फोन आला. छप्पर दुरुस्त करताना बंद खोलीतलं कपाट उघडलं होतं, त्यात जुनी रजिस्टरं निघाली होती. माझ्याकडे गाडी होती आणि रविवार होता. पण रविवारी शाळा बंद, म्हणून मी सोमवारची रजा टाकली. आण्णा पहाटे पाचपासून गाडीशेजारी उभे होते. बेळगावपर्यंत ते बोलत होते. बेळगावात शिरलो तेव्हा खासबागकडे बोट करून म्हणाले, "हितं बोर्डिंगात हुतो मी," आणि तिथून पुढं गप्प झाले. मला वाटलं, झोप लागली.

मुख्याध्यापकबाईंनी रजिस्टर टेबलावर ठेवलं. पानं वाळल्या पानांसारखी वाजत होती. आण्णा भिंग धरून ओळी सरकवत होते. तातोबा सापडला. जात, भाग, काळ, सगळं जुळत होतं. आणि त्याच्याच खालच्या ओळीत, त्याच तारखेला, त्याच वडिलांची मुलगी शाळेत घातलेली होती.

"सुगंधा," आण्णांनी वाचलं.

मुख्याध्यापकबाईंनी खुर्ची पुढे सरकवली. आण्णा बसले. खिशातला रुमाल काढून त्यांनी भिंगच पुसलं. मग पुढचे रकाने वाचू लागले. शाळा सोडताना इयत्ता तिसरी. शाळा सोडण्याचं कारण, लग्न. शेवटच्या रकान्यात मास्तरांचा शेरा होता. तो त्यांनी मोठ्यानं वाचला नाही. भिंग त्याच्यावरच धरून ठेवलं. मी वाकून पाहिलं. दोनच शब्द होते: वाचन उत्तम.

मला आनंद झाला होता. वीस वर्षांचा शोध संपला होता. मी फोटो काढले, बाईंना पेढे दिले. येताना आण्णा पुढं न बसता मागच्या सीटवर जाऊन बसले.

त्यानंतर आठवडाभर समोरची ओसरी रिकामी दिसली. गॅसवाला सिलिंडर आतपर्यंत नेऊन ठेवून आला. मला म्हणाला, "आण्णांस्नी बरं न्हाय काय? कायबी इचारलं न्हाय." मग मी गेले.

आण्णा सोप्यात बसले होते. भिंतीवरची चौकट अजून रिकामीच.

"आण्णा, नाव लिहिलं नाही अजून?"

"आक्काला लिवता-वाचता येत न्हाय, असंच धरून चालल्याला आमी," ते म्हणाले. "जन्मभर अंगठा केला तिनं. पत्र आलं की काका वाचून दाखवायचे, ती चुलीपुढं बसून ऐकायची."

मी त्यांच्यासमोर बसले.

"बोर्डिंगात असताना ती यायची. दर म्हैन्याला. गाठोड्यात भाकरी, चटनी, तिळाच्या पोळ्या. डोईवर पदर, अंगाला तंबाखूचा वास. पोरं हसायची. एकदा एकानं इचारलं, कोन रं ही? मी म्हनलं, आमच्या रानात कामाला असती. ती पलीकडं पायरीवर बसलीती. ऐकलं का न्हाय, ठाऊक न्हाय."

"लहान होता तुम्ही."

"सतरा वरसाचा हुतो." ते म्हणाले. "मग मी काकांस्नी पत्र लिव्हलं. आक्काला हिकडं पाठवू नगा, मला लाज वाटती. दिवाळीला घरी गेलो तर काका म्हनले, तुझं पत्र कसलं, आलंच न्हाय. मला बरं वाटलं. म्हनलं, वाटंत गहाळ झालं असंल, सुटलो. पन आक्का त्यानंतर कवा बेळगावला आली न्हाय. गुडघं दुखत्यात म्हनायची. दिवाळीत मला जवळ बसवून वाढलं. पुढच्या पावसाळ्यात गेली."

बाहेरून कुणाची तरी सायकल गेली.

"पोस्टमन दुपारचा यायचा, टीचर. दुपारी काका रानात. घरात ती एकटीच असायची."

मी म्हटलं, "आण्णा, तिसरीत शाळा सुटलेली. इतक्या वर्षांनी कुठलं वाचता येणार? ते पत्र खरंच हरवलं असेल."

आण्णांनी मान हलवली. "मास्तरानं उत्तम लिव्हलंय. त्याच पानावर तिच्या भावाला नुसतं 'बरे' हाय. त्यो मास्तर उगं कुनाला उत्तम देनारा न्हवता."

मग ते उठले. "बसा. च्या टाकतो," म्हणाले आणि आत गेले.

मी बसून राहिले. भांड्याचा आवाज आला, मग काहीच नाही. बऱ्याच वेळानं उठून आत गेले. आण्णा ओट्यापाशी उभे होते. हातात रिकामं पातेलं, नळ वाहत होता. मी नळ बंद केला, त्यांच्या हातातलं पातेलं घेतलं, दोन कप पाणी घातलं आणि गॅस पेटवला.

"आलं कुठं ठेवलंय, आण्णा?" मी विचारलं.

"आमच्यात आलं न्हाय घालत," ते म्हणाले. "सुगंधाबी घालत न्हवती." आणि पहिल्यांदाच त्यांनी डोळ्यांना पंचा लावला.